मांडीचा संप

गुडघ्याचे ऑपरेशन झालेले माणूस ज्यांच्या घरात आहे त्यांना हे सांगायला नको. टाके निघायच्या आतच वाटीच्या वरची मांडी उतरलेली दिसते. चांगल्या पायाशी ताडून पाहिली तर फरक डोळ्यांनाच कळतो. फिजिओथेरपिस्ट सांगतो, "गुडघा ताठ ठेवून पाय वर उचला." पाय अंथरुणाला खिळल्यासारखा तिथेच. दुखते म्हणून उचलत नाही असेही नेहमी नसते. दुखणे औषधाने निवलेले असते, माणूस दातओठ खाऊन जोर लावत असते, आणि मांडी मात्र आपल्याला कोणी हाक मारली हे तिच्या गावीच नसल्यासारखी पडून राहते.

या स्नायूचे नाव क्वाड्रिसेप्स. मांडीच्या पुढच्या बाजूचे हे चार स्नायू खाली वाटीपाशी एकत्र येतात आणि गुडघा सरळ करतात. खुर्चीतून उठणे, जिना उतरणे, एसटीची पायरी चढणे, सगळी कामे त्यांचीच. ते रुसले तर आत बसवलेला नवा गुडघा कितीही उत्तम असो, माणूस भिंत धरूनच चालतो.

अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली या रुसव्याचा हिशेब मांडला. गुडघा बदललेल्या २० रुग्णांची मांडी त्यांनी शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर सुमारे चार आठवड्यांनी तपासली. ताकद सरासरी ६२ टक्क्यांनी घटली होती. स्नायूची जाडी मात्र १० टक्क्यांनीच कमी झाली होती. तिसरी गोष्ट त्यांनी मोजली ती अशी, की माणसाने मनापासून जोर लावला तर त्याला स्वतःचा स्नायू कितपत कामाला लावता येतो. ती क्षमता १७ टक्क्यांनी खाली आली होती, आणि ताकद जाण्यात मांस झडण्यापेक्षा या कारणाचा वाटा जवळपास दुप्पट निघाला.

दहा टक्के मांस जाते आणि बासष्ट टक्के बळ जाते. मधले बळ कुठे गेले? हा प्रश्न दीडशे वर्षांचा जुना आहे. त्याचा शोध आधी स्नायूत घेतला गेला, मग पाठीच्या कण्यात, आणि अलीकडे मेंदूत. डोक्यावर विद्युतअग्रे किंवा चुंबकाचे वेटोळे ठेवून मांडीला जाग आणण्याचे जे प्रयोग आता चालले आहेत, त्यांची बातमी वर्तमानपत्रात आली की ती नवलाईची वाटते. तिच्या मागची परंपरा मात्र बरीच लांब आहे, आणि या परंपरेत एक गोष्ट पुन्हापुन्हा सापडून पुन्हापुन्हा विसरली गेली आहे.

पॅरिसमधले निदान

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्तँ शार्को याची व्याख्याने ऐकायला युरोपभरचे डॉक्टर जमत. मज्जासंस्थेच्या रोगांचा हा त्या काळातला सर्वात मोठा जाणकार. सांध्यांच्या संदर्भात त्याचे नाव आज एका वेगळ्याच कारणाने घेतले जाते. मज्जातंतू बिघडले की सांधा कसा मोडतो हे त्याने १८६८ मध्ये दाखवले, आणि अशा सांध्याला अजून 'शार्कोचा सांधा' म्हणतात. उलट्या दिशेचा प्रवास, म्हणजे सांधा बिघडला की मज्जासंस्था स्नायूला कशी वाऱ्यावर सोडते, हाही त्याने आपल्या व्याख्यानांत मांडला होता. तो भाग फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही.

शार्कोचे निरीक्षण बारीक होते. सांध्याची दुखापत किरकोळ असली तरी स्नायू फार झडू शकतो. दुखापत मोठी तर अशक्तपणा मोठा, असे प्रमाण त्यात दिसत नाही. आणि सांधा सरळ करणारे स्नायू वाकवणाऱ्या स्नायूंपेक्षा जास्त सोसतात. नुसते पडून राहिल्याने हे होत असते तर दोन्ही बाजू सारख्या झडल्या असत्या. त्याचा सहकारी व्हल्पियाँ याने सुचवलेला खुलासा त्याने उचलून धरला. दुखावलेल्या सांध्यातून संदेश मज्जारज्जूकडे जातात, तिथल्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी त्या संदेशांनी मंदावतात, आणि स्नायू सुस्त पडतो. हे इच्छेच्या पलीकडचे आहे. डोळ्यात कचरा गेला की पापणी मिटते, त्याच जातीची ही प्रतिक्षिप्त क्रिया.

याला प्रयोगाचा आधार फुल्जाँस रेमों याने १८९० मध्ये दिला. आज वाचताना हात आखडतो, पण प्रयोगाची रचना फार नेमकी होती. त्याने कुत्र्यांमध्ये पाठीकडून मज्जारज्जूत शिरणारी संवेदनेची मुळे एकाच बाजूला कापली आणि मग दोन्ही गुडघ्यांना सारखीच इजा केली. ज्या बाजूचे मुळे शाबूत होती तिथला स्नायू झडला. ज्या बाजूची कापली होती तिथला वाचला. गुडघ्याची खबर वर पोचलीच नाही, तर मांडी संपावर जात नाही. दोन वर्षांनी जर्मनीत आल्बर्ट होफा यानेही असाच अनुभव नोंदवला.

म्हणजे १८९२ पर्यंत गोष्ट बऱ्यापैकी उलगडली होती.

लोखंडी बूट

नंतरच्या अर्धशतकात हा उलगडा मागे पडला. माझ्या मते त्याला युद्धे कारण झाली. हजारो जखमी सैनिक एकदम समोर आले की डॉक्टरांना सिद्धान्त नको असतो, उपाय हवा असतो. आणि उपाय सापडला तो असा, की त्याने सिद्धान्ताची गरजच उरली नाही असे वाटू लागले.

शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलात थॉमस डिलॉर्म हा तरुण लष्करी डॉक्टर होता. लहानपणच्या आजारातून उठल्यावर त्याने वजने उचलून शरीर कमावले होते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सैनिकांना हलकेफुलके, पुष्कळ वेळा करायचे व्यायाम देण्याची तेव्हा रीत होती. डिलॉर्मने त्यांच्या पायात लोखंडी बूट चढवले, त्यांना वजने लावली आणि दर आठवड्याला ती वाढवत नेली. दहा वेळा जेमतेम उचलता येईल ते वजन, हे त्याचे माप. १९४५ मध्ये त्याने हे छापले. आज कुठल्याही तालुक्याच्या जिममध्ये पोरे 'दहाचे तीन सेट' म्हणतात, त्यामागे डिलॉर्मचे हे गणित आहे.

उपाय खरोखरच गुणकारी होता, याबद्दल वाद नाही. पण त्याच्याबरोबर एक समजूत रुळली. स्नायू वापरला नाही म्हणून झडतो, वापरला की भरतो. न भरला तर रुग्ण पुरेसा वापरत नाही. वाक्याचा शेवटचा तुकडा घातक आहे. मी स्वतः एका रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात, आईच्या शेजारी बसून तो ऐकलेला आहे. "आजी, तुम्ही मनावरच घेत नाही. पलीकडच्या काकूंनी बघा चौथ्या दिवशी पाय उचलला." बोलणारी मुलगी मनाने चांगली होती आणि आजीला उमेद यावी म्हणूनच बोलत होती. आई ओशाळून गप्प बसली. शेतात खुरपणीला दिवसभर वाकलेल्या बाईला कुणी आळशी म्हणण्याची ती बहुधा पहिलीच वेळ. शार्कोला विचारले असते तर तो म्हणाला असता की यात मनावर घेण्यासारखे काही नाही, हुकूम वाटेतच अडला आहे.

गुडघ्यात पाणी

तो हुकूम वाटेत अडतो हे जिवंत माणसात दाखवायला १९६५ साल उजाडले. डी अँड्राडे, ग्रँट आणि डिक्सन यांनी केलेला प्रयोग मला या साऱ्या हकिकतीत सर्वात देखणा वाटतो. त्यांनी गुडघ्याच्या पोकळीत रक्तद्रव सोडून ती फुगवली आणि मांडीचा स्नायू किती जोमाने काम करतो ते मोजले. पोकळीतला दाब वाढला तसा स्नायू मंदावत गेला. आपल्याकडे 'गुडघ्यात पाणी झाले' म्हणतात, ते त्यांनी हाताने घडवून आणले. पुढे १९८४ मध्ये निरोगी गुडघ्यांवर असेच प्रयोग झाले तेव्हा दिसले की २० ते ३० मिलिलिटर, म्हणजे चार-सहा चहाचे चमचे द्रव पुरतो. तेवढ्याने वाटीच्या आतल्या बाजूचा स्नायू आधी मंदावतो. बाकीचे स्नायू मंदावायला साधारण दुप्पट द्रव लागतो. गुडघा किंचित सुजल्यावर वाटीच्या आतल्या अंगालाच खळगा का पडतो, याचे उत्तर इथे आहे. ज्यांच्यावर प्रयोग झाला त्यांचा गुडघा दुखत नव्हता, कुठे चिरलेला नव्हता, ते पडूनही राहिलेले नव्हते. तरी मांडी मंदावली.

इंग्लंडमध्ये मारिया स्टोक्स आणि आर्ची यंग यांनी त्याच सुमारास गुडघ्यातली गादी काढलेल्या रुग्णांचा पाठपुरावा केला. पहिल्या तीन दिवसांत या रुग्णांचा स्नायू निम्म्याहून कमी जोमाने काम करत होता. वेदना तीन-चार दिवसांत उतरली, पण मांडी दोन आठवड्यांनीही पुरती जागी नव्हती. १९८५ मधल्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी सांगून टाकले की या अडथळ्याचा वेदनेशी मेळ बसत नाही. 'दुखते म्हणून करत नाही' हे स्पष्टीकरण तिथे संपायला हवे होते.

हे सगळे मोजायचे कसे, हा प्रश्न वाचकाला पडला असेल. माणूस पूर्ण जोर लावतो आहे की नाही हे ओळखणार कसे? याची युक्ती पॅट्रिक मर्टन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये काढली होती. माणसाला सर्व ताकदीनिशी स्नायू आवळायला सांगायचे आणि त्याच क्षणी त्या स्नायूच्या मज्जातंतूला विजेचा बारीक झटका द्यायचा. स्नायू आधीच पूर्ण जोमात असेल तर झटक्याने काही वाढत नाही. ताकद एकदम उसळली तर समजायचे की स्नायूत शिल्लक होती, वरून हुकूमच अपुरा येत होता. मर्टनने हे अंगठा आत ओढणाऱ्या स्नायूवर करून पाहिले. निरोगी माणसात तो स्नायू पूर्ण कामाला लागतो असे त्याला दिसले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मांडीला हीच परीक्षा दिली तर झटक्याबरोबर पाय उसळतो. बळ तिथे होते, मालकाला ते काढता येत नव्हते. बँकेत पैसे आहेत पण पासबुक हरवले आहे, तशी ही गत.

न्यूयॉर्क ते ब्रीच कँडी

या शोधांना निकड आली ती गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेमुळे. न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमध्ये जॉन इन्सॉल, चित्तरंजन राणावत आणि पीटर वॉकर यांनी आजच्या कृत्रिम गुडघ्याचा पूर्वज घडवला. तो १९७४ पासून रुग्णांत बसू लागला. यातले राणावत मूळचे मध्य प्रदेशातले, इंदूरला वैद्यकी शिकलेले. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला तेव्हा त्यासाठी हेच राणावत आले होते. उजवा पुढच्या वर्षी झाला. गुडघा बदलता येतो ही गोष्ट आमच्या भागात चावडीवर बोलली जाऊ लागली ती तेव्हापासून.

कृत्रिम गुडघ्याने या जुन्या प्रश्नाला नवी धार आणली. मांडीचा संप हे निसर्गाने सांध्याला दिलेले संरक्षण असावे, असा तर्क करता येतो. गुडघा सुजला आहे तर त्यावर भार नको, म्हणून वरचा स्नायूच बंद. पण झिजलेला सांधा काढून तिथे धातू आणि प्लास्टिक बसवल्यावर जपायचे काय? सांध्याभोवतालची पिशवी आणि तिच्यातले संवेदनेचे तंतू मात्र बरेचसे जागच्या जागी असतात. ते जुनीच खबर देत राहतात. घर बदलले, पहारेकरी तोच.

कवटीच्या आत

आता दुसरा धागा उचलतो, विजेचा आणि मेंदूचा. तो अधिक नाट्यमय आहे आणि काही ठिकाणी अंगावर काटा आणणारा.

गॅल्वानीचा भाचा जियोव्हानी आल्दिनी याने जानेवारी १८०३ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज फॉर्स्टर या फाशी दिलेल्या खुन्याच्या प्रेताला विजेचे स्पर्श दिले. जबडा थरथरला, एक डोळा उघडला, हात उचलला गेला. लोकांना प्रेत उठते आहे असे वाटले. शास्त्राच्या दृष्टीने त्यातून एवढेच निघाले की स्नायू वीज ओळखतो. मेंदूचा पृष्ठभाग विजेला दाद देतो हे कळायला १८७० उजाडले. बर्लिनमध्ये गुस्ताव फ्रिच आणि एडवर्ड हिट्झिग यांनी कुत्र्याच्या उघड्या मेंदूवर सौम्य प्रवाह सोडला आणि विरुद्ध बाजूचा पाय हलला. विद्यापीठात सोय नव्हती म्हणून हे प्रयोग हिट्झिगच्या घरी झाले, आणि त्याच्या पत्नीच्या शृंगारमेजावर झाले असे सांगतात.

पाठोपाठ डेव्हिड फेरिअर याने इंग्लंडात वेकफील्डच्या वेड्यांच्या इस्पितळात प्राण्यांच्या मेंदूचा नकाशा काढायला घेतला. १८८१ च्या लंडनमधील वैद्यक परिषदेत त्याने मेंदूचा हालचालीचा भाग एका बाजूला काढलेले माकड सभेपुढे आणले. ते लंगडत आत आले आणि श्रोत्यांमधला शार्को उद्गारला, "हा तर रुग्णच!" सांध्यामुळे झडणाऱ्या मांडीबद्दल बोलणारा शार्को तो हाच. पण हे दोन धागे त्या सभेत एकमेकांना मिळाले नाहीत. मांडीची गाठ मज्जारज्जूशी, माकडाची मेंदूशी, असे दोन कप्पे राहिले ते जवळजवळ शंभर वर्षे.

माणसाच्या मेंदूला वीज लावण्याचा पहिला प्रयोग कलंकित आहे. अमेरिकेत सिनसिनाटीला मेरी रॅफर्टी नावाची स्त्री रॉबर्ट्स बार्थोलो या डॉक्टरकडे आली. व्रणाने तिची कवटी खाल्ली जाऊन मेंदू उघडा पडला होता. १८७४ मध्ये बार्थोलोने तिच्या मेंदूत सुया घालून प्रवाह सोडला. विरुद्ध बाजूचे हातपाय हलले. त्याने प्रवाह वाढवला, तिला झटके आले, आणि काही दिवसांत ती वारली. त्याच्यावर टीकेची झोड उठली. फेरिअरचे प्राण्यांतले निष्कर्ष माणसालाही लागू पडतात, हे त्या बाईच्या हालांतून सिद्ध झाले.

कवटी न उघडता मेंदूला हाक मारता येईल का? इथे पुन्हा मर्टन भेटतो, अंगठ्याच्या प्रयोगाचा. त्याने आणि मॉर्टनने १९८० मध्ये टाळूवरून अतिउच्च दाबाचा, क्षणभराचा विजेचा धक्का देऊन विरुद्ध बाजूचा हात हलवून दाखवला. वीज आत पोचली, पण वाटेत डोक्याच्या कातडीत ती फार झोंबे. रुग्णांना हे रोज देणे शक्य नव्हते. पाच वर्षांनी शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी फॅरेडेचा १८३१ मधला नियम कामाला लावला. तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर जबर प्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र उसळते, ते कवटीतून विनासायास पार होते, आणि आत मेंदूत त्याची पुन्हा वीज होते. डोक्यावर वेटोळे धरले, टक् आवाज झाला, बोट हलले, आणि दुखले जवळपास नाही. १९८५ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये आले.

तिसरे साधन त्याहून साधे. जर्मनीत ग्योटिंगन येथे मिखाएल नित्शे आणि वॉल्टर पाउलुस यांनी २००० साली मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या दोन स्पंजच्या पट्ट्या डोक्यावर ठेवून काही मिनिटे एक मिलिअँपिअर इतका क्षीण प्रवाह सोडला. याने स्नायू हलत नाही. पण हालचालीच्या केंद्रावर धन अग्र ठेवले तर ते केंद्र थोडा वेळ अधिक तत्पर होते. चुंबकाने हाक मारून पाहिली तर उत्तर ४० टक्क्यांपर्यंत मोठे येत होते. हे यंत्र ओंजळीत मावते आणि बॅटरीवर चालते. त्यामुळे प्रयोगांचे पेव फुटले, आणि इंटरनेटवर घरगुती यंत्रांचेही.

ताकद मेंदूत असते का?

ताकद म्हणजे मांस ही समजूत फार खोल रुजलेली आहे. तिला पहिला तडा १८९४ मध्ये येल विद्यापीठात गेला. एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एकाच हाताला जोर करायला लावला, तर न राबलेल्या दुसऱ्या हाताचीही ताकद वाढली. १९९२ मध्ये युए आणि कोल यांनी काही लोकांना करंगळी बाजूला ढकलण्याची चार आठवडे नुसती कल्पना करायला लावली. करंगळीची ताकद २२ टक्के वाढली. खराखुरा व्यायाम करणाऱ्यांची ३० टक्के. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हे कुणा बाबामहाराजांच्या पुस्तकातले वाटले होते. पण प्रयोग पक्का आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत वाढणारे बळ बरेचसे हुकूम सुधारल्याने वाढते. मांस मागून येते.

मग उलटेही खरे असणार. मांडीचे बळ हुकूम बिघडल्याने जात असेल तर हुकूम देणाऱ्यालाच जागे करावे, हा विचार ओघानेच आला. पक्षाघाताच्या रुग्णांवर जपानमध्ये सातोशी तानाका आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले की मेंदूला असा क्षीण प्रवाह दिल्यावर गुडघा सरळ करण्याची ताकद थोडा वेळ वाढते. सांध्याच्या रुग्णांकडे वळणे त्यानंतर सोपे होते.

वाटेत एक शारीरिक अडचण आहे. मेंदूवरच्या हालचालीच्या पट्ट्यात हाताचा आणि चेहऱ्याचा भाग बाहेरच्या अंगाला, चांगला ऐसपैस आहे. पायाचा भाग दोन अर्धगोलांमधल्या फटीत आत वळलेला आहे. हात हलवायचा तर वेटोळे बाजूला धरले की झाले. मांडीसाठी टाळूच्या मध्यावर, दोन वाकवलेल्या पंखांसारखे जोड वेटोळे धरून खोलवर मारा करावा लागतो. क्षीण प्रवाहाची गोष्ट तर आणखी अवघड, कारण त्यातला बराचसा प्रवाह डोक्याच्या कातडीतूनच परस्पर निघून जातो. उरलेला फटीत किती पोचतो हे प्रत्येकाच्या कवटीवर ठरते.

खरी पेचाची गोष्ट २०१४ मध्ये पुढे आली. न्यूझीलंडमध्ये डेव्हिड राइस आणि पीटर मॅकनेअर यांनी जुनाच प्रयोग नव्या साधनांनी केला. निरोगी गुडघ्यात द्रव भरला, मांडी मंदावली, आणि मग चुंबकाने मेंदूला विचारले की तू झोपला आहेस का. मेंदू झोपलेला नव्हता. त्याचे उत्तर उलट मोठे येत होते. म्हणजे ताज्या सुजेत अडथळा मज्जारज्जूतच आहे, व्हल्पियाँने म्हटले होते तिथेच, आणि मेंदू बिचारा वरून अधिक जोरात ओरडून भरपाई करू पाहतो आहे. असे असेल तर आधीच ओरडणाऱ्याला आणखी ओरडायला लावून साधणार काय?

उत्तराचा एक धागा पुढच्याच वर्षी अमेरिकेतून आला. गुडघ्याचा आतला अस्थिबंध तुटून तो नव्याने बसवलेल्या तरुण रुग्णांना लेपली आणि सहकाऱ्यांनी सहा महिने तपासले. शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर दोन आठवड्यांनी मज्जारज्जूतली प्रतिक्षिप्त क्रिया मंद होती. सहा महिन्यांनी चित्र पालटले. आता मेंदूतून मांडीकडे जाणारी वाट जागी करायला जास्त जोराचा चुंबकीय ठोका लागत होता. सुरुवातीला कणा अडवतो. महिनोन्‌महिने उत्तर न मिळाल्यावर मेंदू हाक मारणेच कमी करतो. मला हा अर्थ पटतो, पण रुग्णांची संख्या मोठी नव्हती आणि गुडघा बदललेल्या वृद्धांत हेच घडते असे धरून चालता येणार नाही.

उपचार म्हणून जमा किती झाली? गुडघा बदललेल्या रुग्णांत मेंदूला दिलेल्या क्षीण प्रवाहाचा पहिला ठळक फायदा ताकदीत दिसलाच नाही, तो वेदनेत दिसला. दक्षिण कॅरोलायनातील बोर्कार्ट आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नोंदवले की असा प्रवाह घेतलेल्या रुग्णांना खोटा प्रवाह घेतलेल्यांपेक्षा अफूवर्गीय वेदनाशामक कमी लागले. खोटा प्रवाह म्हणजे पट्ट्या त्याच, सुरुवातीची चुणचुण तीच, मग यंत्र गुपचूप बंद. ताकदीबाबतच्या चाचण्या लहान आहेत आणि एकमेकींशी सहमत नाहीत. काहींत थोडी वाढ दिसते, काहींत खऱ्या आणि खोट्या प्रवाहात फरकच पडत नाही. चुंबकाच्या उपचाराला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये मान्यता दिली ती नैराश्यासाठी. गुडघ्यासाठी कुणी तुम्हाला असे यंत्र 'खात्रीशीर' म्हणून विकत असेल तर हात राखून राहावे. ज्यांना फेफरे येते, ज्यांच्या डोक्यात धातूची क्लिप किंवा छातीत पेसमेकर आहे, त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जवळही जाऊ नये. गुडघ्यातला धातू मात्र डोक्यापासून पुष्कळ लांब आहे, त्याची अडचण नसते.

याउलट मांडीलाच थेट वीज देण्याचा उपाय जुना आणि बराच पारखलेला आहे. शार्कोचा गुरू द्युशेन पॅरिसमध्ये १८५० च्या दशकात पेटी घेऊन वॉर्डावॉर्डांतून फिरे आणि एकेका स्नायूला विजेने हलवे. त्याच कल्पनेचे आजचे रूप कोलोरॅडोत स्टीव्हन्स-लॅप्सली आणि सहकाऱ्यांनी ६६ रुग्णांवर तपासले. गुडघा बदलल्यानंतर ४८ तासांनी मांडीवर पट्ट्या लावायच्या, दिवसातून दोनदा वीज देऊन स्नायू आवळायचा, असे सहा आठवडे. व्यायामाला ही जोड मिळालेल्यांची मांडी नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा सरस निघाली; २०१२ मध्ये ते छापून आले. यात अडलेला हुकूम सोडवला जात नाही. त्याला वळसा घालून स्नायूला परस्पर कामाला लावले जाते. सूज उतरवायला बर्फ आहेच, आणि तो फक्त आरामासाठी नाही, कारण चार चमचे पाणी काय करते ते वर आलेच आहे.

मेंदूच्या उपचारांच्या चाचण्यांबद्दल माझी एक तक्रार आहे. त्यातल्या पुष्कळ चाचण्या एका बैठकीच्या आहेत. वीस मिनिटे प्रवाह, लगेच ताकद मोजली, रुग्ण घरी. शिवाय कुणी दुसऱ्या दिवशीचा रुग्ण घेतो, कुणी दुसऱ्या वर्षीचा. कणा अडवतो तो काळ आणि मेंदू गप्प होतो तो काळ वेगळा असेल, तर या दोघांना एकाच मापाने मोजून काय कळणार? शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे, सहा आठवडे आणि सहा महिने असे तीन वेगळे गट घेऊन, प्रत्येकाला व्यायामाबरोबर कित्येक आठवडे खरा आणि खोटा प्रवाह देऊन पाहणे हे काम खर्चाचे आणि चिकाटीचे आहे. गुडघे बदलण्याच्या शस्त्रक्रिया आपल्याकडेही आता जिल्ह्याच्या गावापर्यंत पोचल्या आहेत, फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेत, आणि पाय उचलत नाही म्हणून खालमानेने बसलेल्या आज्या तर प्रत्येक वॉर्डात आहेत.